मदत हवी आहे : जिवाणू लावूनही वाल पिवळा पडलाय

घोडबंदरकर
जरा लवकर सांगा कुणीतरी. मुरबाडला शेत आहे, मी ठाण्यात, शनिवार-रविवारच जाणं होतं. भात कापल्यावर वाल पेरला. यंदा पहिल्यांदाच बियाण्याला पाकिटातलं जिवाणू कल्चर चोळलं. पंचवीस दिवस झाले, पानं पिवळी. चार रोपं उपटून पाहिली, मुळांवर एकही गाठ नाही. पैसे पाण्यात का? युरिया मारू का?

मृदगंध
कुठलं कल्चर? पाकिटावर कुठल्या पिकाचं नाव आहे? बुरशीनाशक लावलं होतं का, आधी की नंतर? बी कुठे सुकवलं?

घोडबंदरकर
जिवाणू म्हणजे जिवाणू ना! दुकानदाराने 'कडधान्याचं' म्हणून दिलं. पाकीट शेतावर पडलंय. बुरशीनाशक आणि कल्चर एकाच घमेल्यात कालवलं आणि अंगणात उन्हात घातलं, लवकर सुकावं म्हणून.

मृदगंध
अरे देवा. बुरशीनाशक आधी लावून सुकू द्यायचं, मग गुळाच्या पाण्यात कालवून रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र झाडाला देणारे जिवाणू, तेही अगदी शेवटी. सावलीत सुकवून लगेच पेरायचं. 250 ग्रॅमचं पाकीट साधारण 10 किलो बियाण्याला. उन्हात घातलंत म्हणजे निम्मे जिवाणू तिथेच मेले असतील.

ऐरोलीची_सई
माझ्या गच्चीतल्या मेथीवर मावा आला होता. निंबोळी अर्क साबणाच्या पाण्यातून फवारला, आठवड्यात साफ! करून बघा.

देशी_नांगर
पाकिटं हवीत कशाला? 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. जीवामृत एकदा देऊन बघा, मला बाहेरचं काही आणावं लागत नाही.

मृदगंध
द्या की, ना कोण म्हणतंय? पण त्यात वालाचे रायझोबियम किती हे कुणी मोजलंय? आणि शेण घालून गाठी येत नाहीत, दादा. त्या मुळाच्या आत शिरणाऱ्या जिवाणूंच्या असतात.

देशी_नांगर
आमच्या आजोबांनी काही मोजलं नव्हतं. बिरडं मात्र रोज व्हायचं.

खारघरचे_नाना
बिरड्यावरून आठवलं, शेंगा भरल्या की पोपटी लावायचीच, म्हणजे पाला घालून मडक्यात भाजलेल्या शेंगा. भांबुर्ड्याचा (वासाचं रानझुडूप) पाला मिळाला नाही तर मडकं जाळात ठेवूच नका. खारघरला पाला विकत घ्यायची वेळ आलीय आमच्यावर, गावी तो पायाखाली असतो.

मृदगंध
नाना, धागा वालाचा आहे, मान्य :) घोडबंदरकर, युरिया थांबवा. आयता नत्र मिळाला की झाड गाठी करायच्या भानगडीत पडत नाही. आणि रोपं *उपटली*त म्हणता? भाताची जमीन सुकून दगड होते. रोप ओढलं की गाठी मातीतच राहतात. वीतभर लांबून खुरपीने खणा, मुळं पाण्यात हलकेच धुवा. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. गाठ बोटाने सहज सुटायला हवी. मूळच फुगलेलं असेल तर ती सूत्रकृमीची, म्हणजे मुळात शिरणाऱ्या बारीक कृमींची.

घोडबंदरकर
(सोमवार) काल खणलं. मुळांना गाठी आहेत! बाजरीच्या दाण्याएवढ्या, एका रोपाला सहा-सात. फोडल्या, चार गुलाबी निघाल्या, बोट लाल झालं. पिवळी पडलीत ती फक्त खालची पानं. आणि पाकीट सापडलं. त्यावर 'हरभरा' लिहिलंय.

मृदगंध
मग पाकिटाचं श्रेय नाही. हरभऱ्याचे जिवाणू वेगळे, ते वालाशी जमवत नाहीत. वाल चवळी-मूग गटातला. या गाठी तुमच्याच मातीतल्या जिवाणूंच्या. बियातला साठा संपलाय, गाठी आत्ता कुठे कामाला लागतायत, म्हणून मधले थोडे दिवस झाड उपाशी. दहा दिवसांनी परत खणा.

देशी_नांगर
मी काय सांगत होतो? मातीत सगळं असतं.

घोडबंदरकर
पुढच्या शनिवारी पाकीट घेऊन दुकानात जातोय.

खारघरचे_नाना
पावती आहे का?