मदत हवी आहे : इंकस्केपमध्ये नीट दिसणारे आयकॉन झॅमलमध्ये नेल्यावर लहानमोठे का होतात?

रेघोट्या

नमस्कार मंडळी,

एका डेस्कटॉप सॉफ्टवेअरसाठी आयकॉन काढतोय. सॉफ्टवेअर डब्ल्यूपीएफमध्ये (मायक्रोसॉफ्टची विंडोज प्रोग्राम बनवायची चौकट) आहे, त्याचे पडदे झॅमल या भाषेत लिहिलेले. चित्रं इंकस्केप या व्हेक्टर चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये, ती एसव्हीजी फाइलीत साठतात. कोड लिहिणं रोजचं, चित्रकला मात्र शाळेनंतर सुटली होती ती आता पुन्हा गळ्यात पडली आहे. तयार संच घ्या हा सल्ला आधीच मिळालाय. सेव्ह, शोध, अधिक, वजा हे सगळीकडे मिळतं हो, पण अर्धी उघडी झडप, बंद पडलेला पंप, संपर्क तुटलेला सेन्सर असले तीसेक आयकॉन एका घाटणीत कुठेच मिळेनात. म्हणून सगळेच एकाहाती काढायचं ठरवलं.

पद्धत अशी. पान २४ बाय २४ पिक्सेलचं, रेषा २ पिक्सेल जाडीच्या. आकृती झाली की सगळं निवडून 'स्ट्रोक टू पाथ' (रेषेची भरीव आकृती होते), मग 'कम्बाइन', म्हणजे एका आयकॉनचा एकच पाथ, बिंदूंच्या आकड्यांनी लिहिलेला. मग एक्सएमएल एडिटर उघडून त्या पाथच्या 'डी'मधली आकड्यांची माळ उचलायची आणि झॅमलमधल्या पाथच्या 'डेटा'त चिकटवायची. रुंदी-उंची २४, स्ट्रेच 'युनिफॉर्म'. माळ जशीच्या तशी चालते, त्यामुळे सुरुवातीला खुशीत होतो.

पण एका ओळीत सगळी बटणं मांडली आणि रंग उडाला. वजाची रेघ गिअरच्या रेषांपेक्षा चांगलीच जाड. उभे तीन ठिपके तर गोट्यांएवढे. शोधाच्या भिंगाचा दांडा जिथे कड्याला भिडतो तिथे पांढरी खाच दिसते, जी इंकस्केपमध्ये अजिबात नाही. शिवाय काही उभ्या रेषा धूसर, काही कडक. प्लेचा त्रिकोण अगदी मधोमध ठेवूनही डावीकडे सरकल्यासारखा वाटतो, पण तो कदाचित माझ्या डोळ्यांचा दोष.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आधीच आभार.

चिमटा

एवढी कटकट कशाला? १६, २४, ३२, ४८ अशा मापांत पीएनजी काढून ठेवा, विषय संपला.

रेघोट्या

@चिमटा, आधी तेच होतं. गडद थीमसाठी दुसरा संच, बटण निष्क्रिय असताना तिसरा, आणि स्क्रीनचं स्केलिंग १२५ टक्के असलं की ते सगळेच ताणलेले. पाथ असला की रंग कोडमधून बदलता येतो.

कंपासपेटी

पाथचाच रस्ता बरोबर आहे, सोडू नका. दोन गोष्टी करून सांगा. स्ट्रेच काढून टाका आणि काय दिसतं ते बघा. आणि वजाच्या आयकॉनचे आकडे इथे द्या, तो सगळ्यात छोटा असेल.

रेघोट्या

स्ट्रेच काढला तर आयकॉनच गायब! सगळेच. म्हणून तर तो लावला होता.

वजा असा आहे: सुरुवात ५, १०३९.३६ ला, तिथून १४ उजवीकडे, २ खाली, परत डावीकडे ५ ला आणि बंद. हा १०३९ कुठून आला कळत नाही, पान तर २४ चंच आहे.

कंपासपेटी

त्या १०३९.३६ ने सगळं सांगितलं. २४ च्या पानात मधोमध असलेल्या २ जाडीच्या रेघेची वरची कड ११ वर असते, म्हणून त्यातून ११ वजा करा: १०२८.३६. ए-फोर पानाची उंची २९७ मिलिमीटर, म्हणजे इंचाला ९० पिक्सेल धरले तर १०५२.३६ पिक्सेल. त्यातून तुमच्या पानाचे २४ गेले की उरतात १०२८.३६. इंकस्केप ०.९१ पर्यंत इंचाला ९० धरायचं, २०१७ च्या ०.९२ पासून ९६ धरतं. तुमची मूळ फाइल त्या जुन्या काळातली आहे. कोणीतरी ए-फोर पान उघडलं आणि ते २४ चं केलं. तेव्हा मोजणी पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून व्हायची, त्यामुळे पान आखडलं तरी आकृत्यांचे आकडे तसेच राहिले आणि लेयरवर 'उणे १०२८.३६ सरक' असा ट्रान्सफॉर्म बसला. एक्सएमएल एडिटरमध्ये लेयरचा 'जी' घटक निवडून बघा, तिथे तो असणारच.

इंकस्केप आकृती दाखवताना तो ट्रान्सफॉर्म लावतं. तुम्ही उचलता फक्त 'डी'. ट्रान्सफॉर्म मागेच राहतो, आणि आयकॉन बटणाच्या हजार पिक्सेल खाली काढला जातो. म्हणून गायब.

मग स्ट्रेच लावल्यावर तो परत कसा आला? युनिफॉर्म स्ट्रेच पानाकडे बघतच नाही, त्याला पान ठाऊकच नसतं. तो आकृतीभोवतीचा सगळ्यात घट्ट चौकोन घेतो आणि दिलेल्या २४ मध्ये मावेल तितका फुगवतो. वजा १४ रुंद आहे, तो २४ होईपर्यंत फुगला, म्हणजे १.७१ पट, आणि २ ची जाडी झाली ३.४३. गिअर २० चा असेल तर १.२ पट, जाडी २.४. ठिपके ४ बाय १६ असतील तर दीडपट, ४ चा ठिपका ६ चा. प्रत्येक आयकॉनची पट वेगळी, मग एका घाटणीचे कसे दिसतील?

आयकॉनभोवतीची रिकामी जागा हा आयकॉनचाच भाग आहे. एसव्हीजीत ती व्ह्यूबॉक्स (पानाची हद्द सांगणारे चार आकडे) सांभाळतो. 'डी'त ती कुठेच लिहिलेली नसते. झॅमलमध्ये ती तुम्हाला हाताने परत द्यावी लागेल.

रेघोट्या

लेयरवर तो ट्रान्सफॉर्म आहे, आकडा अगदी तोच! आधीच्या प्रकल्पातली एक रिकामी फाइल मिळाली होती, तिचीच कॉपी करून प्रत्येक आयकॉन काढत आलोय.

आता हे सगळे दुरुस्त कसे करू? आणि रिकामी जागा हाताने द्यायची म्हणजे नेमकं काय?

कंपासपेटी

नवीन फाइल करा. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये एकक पिक्सेल, रुंदी-उंची २४, स्केल १. व्ह्यूबॉक्स '० ० २४ २४' असाच आहे ना ते डोळ्यांनी तपासा. जुनी आकृती कॉपी करून इथे पेस्ट करा, ग्रुप असतील तर सगळे सोडवा. तरीही एखाद्या पाथवर ट्रान्सफॉर्म चिकटून राहिला, तर प्रेफरन्सेसमध्ये ट्रान्सफॉर्म साठवायची पद्धत 'ऑप्टिमाइझ्ड' ठेवा आणि पाथ बाणाच्या कळीने एकदा वर, एकदा खाली हलवा. तो आकड्यांत विरघळून जातो. शेवटी एक्स, वाय, रुंदी, उंची वरच्या पट्टीत वाचा. जुन्या फाइलमधून आणलेल्या आकृतीचं माप ९० आणि ९६ च्या फरकाने बदललं असेल तर ते इथेच कळेल.

झॅमलमध्ये बाहेर एक व्ह्यूबॉक्स (हा डब्ल्यूपीएफचा कंट्रोल, एसव्हीजीतला नव्हे, नाव तेवढं सारखं), त्याच्या आत २४ बाय २४ चा कॅनव्हास, आणि कॅनव्हासमध्ये स्ट्रेच न लावलेला पाथ. आता फुगेल किंवा आखडेल तो पूर्ण कॅनव्हास, त्यामुळे सगळ्या आयकॉनची पट एकच. ड्रॉइंगइमेज (डब्ल्यूपीएफमध्ये चित्र मांडायची दुसरी पद्धत) वापरत असाल तर त्याच ड्रॉइंगग्रुपमध्ये २४ बाय २४ चा पारदर्शक चौकोन आधी टाका, परिणाम तोच.

आडवीतिडवी

भिंगाच्या खाचेबद्दल मी सांगते, त्यात मीही अडकले होते.

'कम्बाइन' आकृत्या एकजीव करत नाही, फक्त एका माळेत ओवतं. कडं आणि दांडा अजून वेगळेच आहेत, एकमेकांवर चढलेले. चढलेला भाग भरायचा की पोकळ ठेवायचा हे फिल-रूल ठरवतो. एसव्हीजीत काही लिहिलं नसेल तर 'नॉनझिरो' धरतात, तर डब्ल्यूपीएफच्या पाथ माळेत काही लिहिलं नसेल तर 'इव्हनऑड'. इव्हनऑडचा हिशेब साधा: त्या जागेवरून बाहेर रेघ काढा, कडा विषम वेळा ओलांडल्या तर भरा, सम वेळा तर पोकळ. दांडा कड्यावर चढतो तिथे सम येतो, म्हणून खाच.

माळेच्या सुरुवातीला 'एफ १' लिहिलं की डब्ल्यूपीएफही नॉनझिरो धरतं. पण त्यावर विसंबू नका, कारण नॉनझिरोला दिशा लागते. कड्याची बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने आणि दांडा उलट दिशेने काढलेला असेल, तर अधिक एक आणि उणे एक मिळून शून्य, परत खाच. कम्बाइनऐवजी 'युनियन' वापरा. मग चढलेला भागच उरत नाही आणि नियम कुठलाही असो, चित्र तेच.

उलटीकात्री

युनियन ठीक आहे, पण मुळात स्ट्रोक टू पाथ करायचंच कशाला? रेषा रेषाच राहू द्या. झॅमलच्या पाथला स्ट्रोक आणि जाडी देता येते की. वजा म्हणजे दोन बिंदू, भिंग म्हणजे एक वर्तुळ आणि एक रेघ. उद्या कोणी म्हणालं जाडी दीड करा, तर तीस आयकॉन पुन्हा काढणार का?

आडवीतिडवी

@उलटीकात्री, रेषेचे टोक गोल की चपटे, सांधे कसे, हे प्रत्येक पाथला वेगळं सांगावं लागतं, ते 'डी'त येत नाही. टोकदार सांध्याची मर्यादा एसव्हीजीत मुळात ४ आहे, डब्ल्यूपीएफमध्ये १०, आणि मोजायची रीतही वेगळी. त्यामुळे न सांगितलं तर कोपरे वेगळे दिसतात. आणि झडपेसारख्या आयकॉनमध्ये भरीव भाग आणि रेषा दोन्ही असणार, म्हणजे दोन-दोन पाथ सांभाळा.

उलटीकात्री

दोन पाथ सांभाळायला मला काही वाटत नाही. तीस आयकॉनच्या संचाला एक स्टाइल लिहायची, त्यात टोकं आणि सांधे गोल करून टाकायचे. एकदाच.

कंपासपेटी

दोघांचंही चालतं. संच अजून घडतोय, जाडीवर चर्चा चालू आहे, तोवर रेषा ठेवाव्यात असं माझं मत. ठरलं की पाथ करावेत. काहीही करा, पण रेषांची मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. पाथ झालेल्या वर्तुळाची जाडी बदलायची म्हणजे दोन कडा हाताने जुळवत बसायचं, आणि तेवढ्यात नवीन काढून होतं.

रेघोट्या

सगळ्यांचे आभार. कॅनव्हासची युक्ती लागू पडली, ओळ आता एकसारखी दिसते. भिंग युनियनने बरं झालं. रेषांच्या फाइली वेगळ्या ठेवल्या आहेत, @उलटीकात्री यांच्या स्टाइलचा विचार करतोय.

धूसर रेषा कमी झाल्या, पण गेल्या नाहीत.

कंपासपेटी

स्ट्रोक पाथच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा पसरतो. २ जाडीची रेघ पूर्णांकावर ठेवली तर दोन्ही कडा पिक्सेलच्या सीमेवर बसतात. १ जाडीची रेघ पूर्णांकावर ठेवली तर ती दोन पिक्सेलांत अर्धी-अर्धी पडते आणि राखाडी दिसते, ती अर्ध्यावर हवी, म्हणजे ७ वर नको, ७.५ वर. इंकस्केपमध्ये १ पिक्सेलची ग्रिड लावा आणि स्नॅप चालू ठेवा. निवडलेल्या वस्तूची मापं 'व्हिज्युअल' चौकोनाने दाखवायची की 'जिऑमेट्रिक' हेही प्रेफरन्सेसमध्ये असतं. व्हिज्युअलमध्ये जाडी धरली जाते, जिऑमेट्रिकमध्ये नाही. हे माहीत नसलं की आकडे बरोबर दिसूनही रेघ अर्ध्यावर पडते.

दुसरीकडे, आयकॉन ज्या पॅनेलमध्ये आहे तेच १०.३ सारख्या जागेवर असेल तर आतलं सगळं धूसरणार. खिडकीच्या मुळाशी 'यूजलेआउटराउंडिंग' चालू करा. ते कंट्रोल पूर्ण पिक्सेलवर बसवतं, पाथच्या आतल्या बिंदूंना हात लावत नाही.

आणि १२५ टक्के स्केलिंगला २४ चे होतात ३० आणि २ ची रेघ होते अडीच पिक्सेल. तिथे निदान एक कड धूसर राहणारच. १५० ला ३६ आणि ३, पण कडा सम आकड्यांवर असतील तरच कडक. एजमोड (कडा गुळगुळीत करायच्या की नाही ते ठरवणारी सेटिंग) 'अलायस्ड' करून बघायचा मोह होईल. नका करू, सरळ रेघा कडक होतात पण गिअरचे दात करवतीसारखे दिसतात.

चिमटा

पीएनजीत ही भानगड नव्हती म्हणा. (जातो, जातो.)

रेघोट्या

:) स्केलिंग १२५ च आहे माझ्या स्क्रीनवर! १०० वर करून पाहिलं, सगळ्या रेषा कडक.

राहिला प्लेचा त्रिकोण.

आडवीतिडवी

डोळ्यांचा दोष नाही. तुमचा त्रिकोण ११ रुंद असेल आणि चौकोन मोजून मधोमध ठेवला असेल, तर तो ६.५ ते १७.५ येतो. पण त्रिकोणाचं वजन पायाकडे असतं, मध्यगांचा छेदनबिंदू पायापासून एक तृतीयांशावर, म्हणजे १०.१७ ला. पानाचा मध्य १२. जवळजवळ दोन पिक्सेल डावीकडे, दिसणारच. तो ८ ते १९ असा ठेवा. छेदनबिंदू ११.६७ ला येतो आणि डोळ्याला मधोमध वाटतो. स्ट्रेच चालू असता तर त्याने चौकोन पुन्हा मधोमध आणला असता आणि तुमचं सरकवणं पुसून टाकलं असतं.

तीच गोष्ट वर्तुळ आणि चौरसाची. दोन्ही २० चे काढले तर चौरस मोठा वाटतो. गूगलच्या मटेरियल डिझाइनच्या आखणीत २४ च्या पानात वर्तुळ २० चं आणि चौरस १८ चा असतो, ती मापं पंप आणि नियंत्रण-पेटी काढताना उचला.

रेघोट्या

८ ते १९ केलं, लगेच फरक दिसला. पंपाचं वर्तुळ २० चं करतोय.

एक शेवटची शंका. कॅनव्हास आल्यापासून माझ्या साध्या, पार्श्वभूमी नसलेल्या बटणावर वजाच्या वरखाली क्लिक केलं तर काहीच होत नाही. बरोबर रेघेवर नेम धरावा लागतो.

कंपासपेटी

कॅनव्हासला बॅकग्राउंड दिलेला नाही. डब्ल्यूपीएफमध्ये बॅकग्राउंड न देणं आणि 'ट्रान्सपरंट' देणं यात फरक आहे. काहीच न दिलेल्या जागेतून क्लिक आरपार जातो, ट्रान्सपरंट जागेवर तो अडतो. कॅनव्हासला बॅकग्राउंड ट्रान्सपरंट करा, पूर्ण २४ बाय २४ वर क्लिक लागेल.