मागून ठोकली, क्लेम करू की खिशातून भरू?

प्रश्न:
परवा रात्री पुढच्या गाडीला मागून ठोकली. स्पीड साठच्या आसपास, झोप लागली असंही नाही, क्षणभर डोकं सुन्न झालं आणि समोर एकदम लाल ब्रेकलाइट. ब्रेक दाबला पण उशीर झाला. कुणाला लागलं नाही हे नशीब. माझं बंपर फुटलं, बॉनेट उचललं गेलंय, त्यांची डिकी बंद होत नाही. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे, म्हणजे समोरच्याचं आणि स्वतःच्या गाडीचं दोन्ही नुकसान त्यात येतं, पण क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जाते म्हणतात. काय करू?

सर्व्हेवाला:
दोन गोष्टी वेगळ्या धरा. समोरच्याची भरपाई थर्ड पार्टीत, म्हणजे पॉलिसीच्या दुसऱ्याच्या नुकसानीच्या भागात, येते, ती परस्पर पैसे देऊन किंवा काही लिहून देऊन मिटवू नका, आधी कंपनीला कळवा, तेही उशीर न करता. स्वतःच्या गाडीचं म्हणाल तर एस्टिमेटमधून डिडक्टिबल (क्लेममधला आपण स्वतः भरायचा ठरलेला भाग) आणि प्लास्टिक पार्टचा घसारा (पार्ट जुना म्हणून कापली जाणारी रक्कम) वजा करा, जे उरेल ते बोनसपेक्षा बरंच जास्त असेल तरच क्लेमला अर्थ आहे. आणि बंपर काढून आत बघितल्याशिवाय एस्टिमेट घेऊच नका! बॉनेट उचललंय म्हणजे मागे रेडिएटरला मार बसला असू शकतो. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळत असताना गाडी चालवली आणि इंजिन गेलं तर ते नुकसान कंपनी सहसा देत नाही.

रात्रपाळी:
मला क्लेमपेक्षा तुमचं ते 'डोकं सुन्न झालं' जास्त खटकलं. किती तास जागे होतात? सलग १७ तास जागं राहिलं की माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा चालवतो, आणि साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. मी स्वतः एकदा असाच डिव्हायडरला घासलोय, डोळे उघडे होते तरी मधलं काहीच आठवत नाही. खिडकी उघडून, गाणी लावून काही होत नाही हो, गाडी सुरक्षित जागी लावून २० मिनिटं झोपायचं.

प्रश्नकर्ता:
पहाटे पाचला उठलो होतो, ठोकलं साडेअकराला. साडेअठरा तास झाले की. हिशोबच केला नव्हता.

सर्व्हेवाला:
फॉर्मवर घडलं तेच लिहा. पुढच्याने अचानक ब्रेक मारला वगैरे नको, कुणाच्या डॅशकॅममध्ये वेगळं दिसलं तर अख्खा क्लेम अडकतो.

प्रश्नकर्ता:
आज बंपर काढलं. रेडिएटरला चीर गेलीय, खाली हिरवं पाणी ठिबकतंय. क्लेम टाकला, गाडी टो करून नेली.