ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमधले (आतल्या ओसाड भागातले) रस्ते: तुमचे अनुभव लिहा

काल माळा आवरताना माश्या तोंडावर बसू नयेत म्हणून टोपीवरून घालायची जाळी सापडली आणि डार्विन ते ॲलिस स्प्रिंग्ज डोळ्यासमोर आलं. स्टुअर्ट हायवे, साधारण १५०० किमी, लाल माती, वाळवीची वारुळं माणसाहून उंच. मेटारांकाच्या झऱ्यात बाराही महिने ३४ अंशाचं पाणी. सासूबाई बाहेर यायलाच तयार नव्हत्या. तुम्ही कुठे कुठे फिरलात?

पायाला भिंगरी
रोड ट्रेन!! म्हणजे मागे एकापाठोपाठ ट्रेलर जोडलेला ट्रक, ५३ मीटरपर्यंत लांब. ओव्हरटेक करताना तारापूर एक्स्प्रेसला मागे टाकतोय असं वाटतं. समोरून आली की स्टिअरिंग घट्ट धरायचं, हवेचा दणका बसतो.

कोकणकडा
तारापूर एक्स्प्रेस कुठून आणलीत 😂

निमाताई
नलारबॉरचं सपाट माळरान. रस्त्याला १४६ किमी एकही वळण नाही, ह्यांना डुलकी येऊ नये म्हणून अंताक्षरी. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्यात शिरताना बॉर्डरवर फळं, मध सगळं काढून घेतात. आई म्हणाली, टाकायचं कशाला? तिथेच बसून पिशवीभर संत्री संपवली आम्ही. तिथल्या युक्ला गावात घड्याळ पर्थच्या पाऊण तास पुढे. पाऊण!

चिंगी
डिसेंबरात काकडू नॅशनल पार्कला जातोय, जिम जिम धबधबा बघायचाय. कुणी गेलंय?

पायाला भिंगरी
@चिंगी, पावसाळा असतो तेव्हा. धबधबा धो धो, पण रस्ता बंद, वरून विमानातून बघायचा. जूननंतर रस्ता उघडतो तोवर धार बारीक झालेली. आणि तेही फोर व्हील ड्राइव्ह हवीच.

चिंगी
अरे देवा. तिकिटं काढलीत 😭

घारूअण्णा_२
क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर केप ट्रिब्युलेशनला जा मग. डेनट्री नदीवर पूल नाही, केबलवर ओढली जाणारी फेरी. समुद्र असा निळा, पण तेव्हा विषारी स्टिंगर जेलीफिश, शिवाय मगरी. किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या, जेलीफिशच्या डंखावर ओतायला. धाकटा विचारतो, चिप्स कुठायत?

निमाताई
😂😂 आणि रात्री गाडी नको हं, कांगारू. भाड्याच्या गाडीच्या करारातही बहुतेक वेळा असतंच ते.

सुगरण
शाकाहारी लोक खाता काय तिथे?

पायाला भिंगरी
रोडहाऊसला (हायवेवरचा पेट्रोल पंप नि खानावळ) चिप्स. परत चिप्स.

निमाताई
छोटा गॅस न्यायचा. मऊ भात, मेतकूट, तूप.

सुगरण
मेतकूट घरी करता? डाळी किती भाजायच्या? माझं कडू होतं.

निमाताई
मेथी कमी घाल. कुकर लागलाय, संध्याकाळी प्रमाण टाकते.