शब्दचर्चा: 'प्री' की 'प्रीझ'? फ्रेंच भूतकाळ आणि आपला कर्मणी प्रयोग

प्रश्न: सध्या पासे कोंपोझे, म्हणजे फ्रेंचमधला रोजचा भूतकाळ, शिकतेय. 'मी फोटो काढला' म्हणजे 'झे प्री ला फोतो'. पण 'मी काढलेला फोटो' म्हणताना 'ला फोतो क झे प्रीझ' होतं. फोतो स्त्रीलिंगी, हे कळलं. मग एकदा 'प्री' आणि एकदा 'प्रीझ' का? वर्गात 'नियम पाठ करा' एवढंच उत्तर मिळालं.

उत्तर: ताई, पाठ करायच्या आधी आपली मराठी आठवून बघा. 'मी आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली'. खाणाऱ्या तुम्हीच, पण खाल्ला की खाल्ली हे ठरतं आंब्यावर आणि पोळीवर. इंग्रजीवरून फ्रेंचकडे येणाऱ्याला ही कल्पनाच नवी असते, आपण ती बोलायला लागल्यापासून वापरतोय. फ्रेंचची अट एकच जादा: कर्म आधी यायला हवं. फोतो आधी आला की 'प्रीझ', मागाहून आला की नुसतं 'प्री'. आपण मात्र 'खाल्ली एकदाची पोळी' असं उलटं बोललो तरी जुळवतोच. फ्रेंचमध्ये हा नियम रुजवण्यात १६व्या शतकातला कवी क्लेमाँ मारो याचा मोठा वाटा. इटालियनचा दाखला देत त्याने तो चक्क पद्यात मांडला!

प्रश्न: मग 'ती गेली', 'ती मेली' यांचं काय? तिथे कर्मच नाही.

उत्तर: तिथे कर्तरी. 'इल ए मोर', 'एल ए मोर्त': तो मेला, ती मेली. येणं, जाणं, पडणं, जन्मणं, मरणं ही भूतकाळात 'एत्र' (असणं) हे साहाय्यक क्रियापद घेणारी क्रियापदं कर्त्याप्रमाणे बदलतात. पण झोपणं, चालणं, धावणं 'आव्वार' (जवळ असणं) हे दुसरं साहाय्यक घेतात. 'ती झोपली' म्हणजे 'एल आ दोर्मी', तो झोपला तरी दोर्मीच. इथे मराठीवर विसंबू नका.

आणखी एक उत्तर: 'ला' प्रत्ययाचीही भर घालतो. 'मी जिला पाहिलं ती मुलगी'. आपल्याकडे 'ला' लागला की क्रियापद 'पाहिलं' होऊन बसतं. फ्रेंचमध्ये 'ला फीय क झे व्यू' लिहिताना व्यूला शेवटी स्त्रीलिंगी 'e' हे अक्षर जोडावंच लागतं. उच्चार तोच राहतो, म्हणून श्रुतलेखनात माझे गुण हमखास इथेच जायचे. प्री-प्रीझसारखा कानाला कळणारा फरक थोड्याच क्रियापदांत आहे, तेवढी आधी घोटून घ्या.

प्रश्न: करून बघते. 'मी लिहिलेलं पत्र': 'ला लेत्र क झे एक्री'?

उत्तर: 'एक्रीत'. पत्र आपल्याकडे नपुंसकलिंगी, पण 'लेत्र' स्त्रीलिंगी. जुळवायची सवय मराठीची ठेवा, लिंग फ्रेंचचं घ्या. आता घरात रोज लागणारं एक वाक्य. 'किल्ली कुठे ठेवलीस?' याला 'ऊ आ त्यू मी ला क्ले?' किल्ली मागाहून आली, म्हणून 'ठेवलं'साठी नुसतं 'मी'. उत्तरात ती सर्वनाम होऊन क्रियापदाच्या आधी येते: 'झ ले मीझ स्यूर ला ताब्ल'. आपण तर 'टेबलावर ठेवली' एवढंच म्हणतो. किल्लीचं नाव नाही, सर्वनामही नाही, तरी 'ठेवली'तल्या ईकारात ती आहेच.