फॉरमॅट मारायच्या आधी घड्याळ पाहा

भाऊ, रात्री लाइन गेली की दुसऱ्या दिवशी सेतू केंद्रातल्या विंडोज ७ वर एकही साइट उघडत नाही, 'कनेक्शन प्रायव्हेट नाही' येतं, असं तुम्ही लिहिलंय. वर एकांनी थेट फॉरमॅट मारायला सांगितलं. थांबा जरा.

आधी खालच्या उजव्या कोपऱ्यात तारीख पाहा. २००९-१० सालची दिसली तर रोग मदरबोर्डवरच्या (आतल्या मुख्य सर्किटवरच्या) नाण्याएवढ्या सेलचा आहे, त्याचा नंबर सीआर २०३२. प्लगला वीज असते तोवर त्याच्यावर भार नसतो. लाइन गेली की घड्याळ त्याच्याच जिवावर चालतं. सेल संपला की तारीख मागे पळते आणि साइटचं सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा ठरावीक मुदतीचा दाखला) अजून सुरूच झालं नाही, असं ब्राउझर समजतो. आपल्याकडच्या भारनियमनात हे दुखणं लवकर उघडं पडतं, एवढंच. घड्याळवाल्याकडेही हा सेल मिळतो. प्लग काढा, कॅबिनेट उघडा, सेलच्या बाजूची पट्टी दाबा, सेल उसळून वर येईल. नवा बसवताना अधिकची (+) बाजू वर. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर) तारीख टाका.

तारीख बरोबर असूनही काही साइट अडत असतील तर ब्राउझर पाहा. विंडोज ७ साठी क्रोम १०९ वरच थांबलं. फायरफॉक्सचं ११५ ईएसआर (जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती) त्यावर चालतं, ते टाकून पाहा.

आणि विंडोज १० टाकायचंच असेल, तर अंगठ्याच्या मशीनचा ६४ बिटचा ड्रायव्हर (ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) आधी पेनड्राइव्हवर घ्या. नाहीतर सिस्टीम नवी आणि दारात लोकांची रांग. त्यातही विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय, हे मालकाला आधीच सांगून ठेवा.