दारू नाही, तरी फॅटी लिव्हर. कॅन्सर होते काय?

प्रश्न: बाबा दारूले हात नाही लावत, शुगर आहे, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २ निघालं. कॅन्सरपर्यंत जाते काय भाऊ?

उत्तर: बहुतेकायचं नाही जात. पण शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं झालं की चरबी लिव्हरमधी साचते, पेशी मरतात, मंग आपल्याच रोगप्रतिकारक पेशी तिथं सूज धरून ठेवतात, वर्षानुवर्षं व्रण पडत सिरोसिस (व्रणांनी लिव्हर कडक होणं) होते, अन् घाईनं वाढणाऱ्या नव्या पेशींत जनुकं बिघडतात. त्यात कॅन्सर मारणाऱ्या टी पेशी बी थकलेल्या.

उत्तर: सिरोसिस नसताना बी कॅन्सर कधीकधी होते, म्हणून शुगर सांभाळा. नुसत्या ग्रेडवर नका जाऊ, नागपूरले फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालं ते मोजणारी तपासणी) करा. सिरोसिस निघालं तर दर ६ महिन्यानं सोनोग्राफी.

उत्तर: वजन जास्त असन तर ७ ते १० टक्के उतरवा, सूज खरंच कमी होते. बाबाले चहा बिनसाखरेचा द्या.