मुत्तकींनी दिलेला शब्द कंदाहार पाळेल का?

मस्जिदबंदरकर
मस्जिद बंदरच्या सुक्यामेव्याच्या पेढीवर 22 वर्षं हिशेब लिहितोय. अंजीर, जर्दाळू, हिंग, सगळं अफगाणिस्तानचं. ऑक्टोबर 2025 मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीला आले, व्यापार वाढवू म्हणाले, काबूलमध्ये आपला दूतावास पुन्हा सुरू झाला. त्याच महिन्यात अफगाणिस्तानच्या पाकिस्तानशी चकमकी उडाल्या आणि त्यांच्या सीमेवरची तोरखम, चमन दोन्ही नाकी बंद पडली. शेठ म्हणतात, आता आपल्याशी व्यवहार वाढवण्यावाचून त्यांना गत्यंतर नाही, मोठा सौदा करू. पण बोलतो काबूलचा मंत्री आणि ठरवतो कंदाहारचा अमीर, असं ऐकतो. मग आगाऊ पैसे द्यायचे कोणाच्या भरवशावर?

दादरचा वाचक
काका, बरोबर ऐकलंत. तो अमीर म्हणजे हैबतुल्ला अखुंदजादा, 2016 पासून तालिबानचे प्रमुख आहेत, राहतात कंदाहारला. मार्च 2022 आठवा: शिक्षण खात्याने मुलींच्या माध्यमिक शाळा उघडतो म्हणून जाहीर केलं, मुली वर्गात जाऊन बसल्या आणि काही तासांत त्यांना घरी पाठवलं. जानेवारी 2025 मध्ये परराष्ट्र उपमंत्री स्तानिकझाई या बंदीविरुद्ध जाहीर बोलले, थोड्याच दिवसांत ते देशाबाहेर होते. गृहमंत्री सिराजुद्दीन हक्कानींची स्वतःची फौज आहे, तरी अमिरापुढे त्यांचंही फारसं चाललेलं नाही.

सुनीता, मुलुंड
थोडं वेगळं मत. मुत्तकींच्या दिल्लीतल्या पहिल्या पत्रकार परिषदेला एकाही बाईला बोलावलं नव्हतं. ओरड झाली, दोन दिवसांनी दुसरी घेतली, त्यात महिला पत्रकार पहिल्या रांगेत होत्या. म्हणजे बाहेर गरज असली की ते वाकतात. घरच्या मुलींसाठी मात्र नाही, आणि याचा मला फार संताप येतो. व्यापारावरून काबूल-कंदाहार भांडण दिसत नाही, पैसा दोघांनाही हवाय. तुमचा माल अडलाच तर हुकमाने नाही, रस्त्यामुळे अडेल.

मस्जिदबंदरकर
ताई, रस्त्याचं पटलं. पण सप्टेंबर 2025 अखेर त्यांनी अख्ख्या देशाचं इंटरनेट दोन दिवस बंद केलं तेव्हा पलीकडच्या व्यापाऱ्याचा फोनच लागेना, बिल्टीचा, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीचा, पत्ता नाही. तो हुकूमच होता ना? शेठना सांगतो, सौदा करा, पण पैसे माल न्हावाशेवा बंदरात उतरल्यावर. माझी धाकटी यंदा दहावीला आहे. शाळेतून परत पाठवलेल्या त्या मुलींचं वाचल्यापासून अंजिराची माळ हातात घेतली की त्याच आठवतात.